धनजचा कापूस आणि वरळीचे मडके

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही मामूंकडे धनजला गेलो होतो. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात हे गाव आहे. काळी जमीन, त्यात तूर, सोयाबीन आणि पऱ्हाटी. वेचणी जोरात होती आणि मामूंची मागची खोली छतापर्यंत कापसाने भरली होती. मुलांना त्यावर उड्या मारायच्या होत्या. मुमानीने परवानगी दिली, पण काडेपेटी घेऊन कोणी तिकडे फिरकायचे नाही, अशी सक्त ताकीदही दिली.

त्यावरून आगीची गोष्ट निघाली. मामू लहान असताना घरातल्या कापसाला ठिणगी लागली होती. अर्धे गाव बादल्या-घागरी घेऊन धावले. कोण हिंदू, कोण मुसलमान, कोणी पाहिले नाही. कापूस गेला, घर वाचले.

"पण आपले चार एकर त्या आगीत नाही गेले," मामू म्हणाले. "ते तुमच्या नानांनी आकड्यावर लावले. तेव्हा कोणी धावले नाही. धूरच दिसत नव्हता ना!"

आमच्या घरात ही गोष्ट आजवर कोणी उघडपणे बोलले नव्हते. अम्मी तर विषयच बदलत असे.

आकड्याचा जन्मच कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारयंत्राने मुंबईला येत आणि त्यातल्या आकड्यांवर लोक पैसे लावत. आमच्या वऱ्हाडातला शेतकरी ज्या पिकासाठी उन्हात राबला, त्याच पिकाच्या भावावर जुगार! 1961 मध्ये न्यूयॉर्कचे ते आकडे बंद झाले. मग 1962 मध्ये कच्छहून आलेल्या, वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगतने स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली. 1964 मध्ये रतन खत्रीने वेगळा मटका मांडला. हा फाळणीत कराचीहून आलेला सिंधी. तिकडे लास वेगासमध्ये झगमगत्या इमारतींत कॅसिनो चालत होते; इकडे एक मडके आणि पत्त्यांचा जोड पुरला. तीन पाने काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक धरायचा. रात्री 'ओपन', मग 'क्लोज'. आकडा फुटला की टेलिफोनवरून गावोगाव पोहोचे. गिरणी कामगार, हमाल, आमच्या नानांसारखे शेतकरी, सगळे चिठ्ठी लावत.

खत्री व्यवहाराला चोख होता असे लोक आजही सांगतात. असेल. पण ज्या धंद्यात एकाचे घर बुडाल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही, तिथला चोखपणा कोणत्या तराजूत तोलायचा? आणीबाणीत तो तुरुंगात गेला. 2020 मध्ये वारला.

भगतांच्या घराची कथा याहून भयानक. मटक्याची गादी कल्याणजीचा मुलगा सुरेश याच्याकडे आली. जून 2008 मध्ये अलिबाग-पेण रस्त्यावर त्याच्या गाडीला ट्रकने उडवले. अपघात वाटला, निघाला खून. 2013 मध्ये न्यायालयाने त्याची पत्नी आणि मुलगा यांच्यासह काही जणांना जन्मठेप दिली. श्रीमंताच्या वाड्याला आग लागते तेव्हा बंब तरी येतात. हे घर आतून जळत होते.

सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत दारूबरोबर जुगाराला सैतानी काम म्हटले आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच्या पुढची आयत आम्हाला धनजमध्ये जास्त आठवली. सैतान यातून तुमच्यात वैर आणि द्वेष पेरू पाहतो, असा तिचा आशय आहे. नाना आणि त्यांचे सख्खे भाऊ शेवटपर्यंत बोलले नाहीत, हे मामूंनी त्याच रात्री सांगितले.

जेवणानंतर मामूंचा नातू मोबाईलवर रमी खेळताना दिसला. पैशांचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंद झाले आहेत. "फुकटवाली आहे, दादाजान," तो म्हणाला. मामूंनी मोबाईल हातात घेऊन खात्री केली, मगच परत दिला. पोराला राग आला. मामूंनी पर्वा केली नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही निघालो. वाटेत मामूंनी ते चार एकर दाखवले. पांढरेशुभ्र फुटले होते आणि बाया ओटीत कापूस भरत होत्या. मामू बांधावर थांबले, शेतमालकाला हाक मारून म्हणाले, "भाऊ, यंदा बोंडे बरी धरली!" तोही हसला आणि त्याने आमच्या मुलांना ओंजळभर कापूस दिला.