उन्हातले आकडे

मोजणीला जोर येतो तो शेतं मोकळी झाल्यावर, म्हणजे नेमका एप्रिल-मे महिन्यांत. सकाळी टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावलं की दहा-अकरापर्यंत पडदा नीट वाचता येतो. ऊन चढलं की त्यात आकड्यांऐवजी माझीच टोपी दिसू लागते.

नवा रंगीत टच स्क्रीन मी दुकानातल्या एसीत पाहिला आणि भुललो. भर उन्हात साधा पांढरा कागद चौरस मीटरमागे तीसेक हजार कँडेलाइतका उजळतो. पडद्यामागचा दिवा हजाराच्या आतबाहेर. तो काय झुंजणार! जुन्या यंत्राचा करडा पडदा उन्हाशी भांडायच्या फंदातच पडत नसे. आत आलेलं ऊन मागच्या थरावरून परतवायचा आणि त्याच उजेडावर काळे आकडे दाखवायचा. ऊन कडक, तसे आकडे ठसठशीत. अंधारून आलं की मात्र डोळे ताणावे लागत. त्यात पोलराइज्ड गॉगल घातला तर मान एका कोनात तिरपी होताच अख्खा पडदा काळाठिक्कर. पहिल्यांदा मला वाटलं, यंत्रच गेलं.

एकदा पाटाच्या लेव्हल घेत होतो. झुडपाखालून प्रिझम दिसावा म्हणून पोऱ्यानं काठी १.८० वरून १.३० वर उतरवली. मीही यंत्रातली उंची बदलली. निदान मला तसं वाटलं. बटण नीट दाबलं गेलं नव्हतं, आणि त्या झळाळीत आठाचा तीन दिसला. रात्री नकाशा काढला तर पाटाच्या तळाला अर्ध्या मीटरचा खड्डा! दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायपीट. तेव्हापासून उंची मी मोठ्यानं बोलतो आणि पोऱ्याकडून वदवून घेतो.

छत्री असतेच, पण ती यंत्राला तापू देत नाही एवढंच. पडद्यावर आभाळाचा उजेड येतोच. परवा बांधाच्या वादात दोघा भावांना आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. थोरल्यानं खांद्यावरचं उपरणं काढून पडद्यावर धरलं. धाकटा जरा घुटमळला, मग त्यानंही डोकं आत घातलं.

"वाच."

"तूच वाच की."

"चष्मा घरी राहिला."

धाकट्यानं वाचलं, "बेचाळीस पॉइंट छत्तीस."

"फूट किती?"

"एकशे एकोणचाळीस," मी बाहेरून म्हणालो.

थोरल्यानं हुंकार दिला. पोऱ्या पुढच्या दगडाकडे निघाला. उपरणं तसंच धरलेलं होतं.