बोरघाटचे बोगदे

पिंपरीनजीकच्या संत तुकाराम नगरात आमचे बिऱ्हाड आहे. दिवसभर रस्त्यावरील वाहनांचा गलबला असतो. परंतु रात्री निजानीज झाली म्हणजे पलीकडच्या लोहमार्गावरून जाणाऱ्या गाडीची शीळ स्पष्ट ऐकू येते. आमच्या घरातील दोघे जण कारखान्यांत पाळीवर जातात. त्यामुळे 'अपघात' हा शब्द घरात कोणी सहज उच्चारीत नाही, आणि पाळी सुटून घटकाभर उशीर झाला तर वडीलधाऱ्या बायका दारापाशी घुटमळतात.

पावसाळा ओसरू लागला की एकवार खंडाळ्यास जाऊन यावे, असा आमचा जुना परिपाठ आहे. ह्या खेपेस आत्याबाई आणि धाकटी मुले बरोबर होती. लोकल गाडीने देहूरोड, तळेगाव, कामशेत अशी एकेक स्थानके मागे पडली, आणि मळवलीच्या सुमारास उजव्या हातास कार्ल्याचा डोंगर दिसू लागला. तेथील लेण्यात दोन हजार वर्षांमागे खांब देणारांची नावे त्या त्या खांबावर कोरलेली आहेत. त्यांत केवळ श्रीमंत श्रेष्ठीच आहेत असे नव्हे. लेण्याचे दार घडविणाऱ्या सामी नावाच्या धेनुकाकट येथील सुताराचे नावही, त्याच्या बापाच्या नावासह, तेथे आहे. हे मी मुलांना सांगत होतो, आणि पुढे खंडाळ्यास ह्याच गोष्टीने मला अडचणीत आणिले.

लोणावळ्यास भाड्याची मोटार करून आम्ही राजमाचीच्या टोकावर गेलो. समोर दरी, पलीकडे काळे कडे, आणि त्यांच्या पोटात शिरणारी गाडी. "हे बोगदे खणणारांची नावे कोठे कोरली आहेत?" असे पुतण्याने विचारले. मजपाशी उत्तर नव्हते.

नावे मुळीच नाहीत असे नाही. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली ह्यांचे नाव आहे. काम 1856 साली सुरू झाले. पहिला ठेकेदार फॅविएल. त्याच्या मजुरांची मजुरी थकल्यामुळे जानेवारी 1859 मध्ये घाटात दंगा झाला, चौकशी बसली, आणि फॅविएलने ठेका सोडला. 1860 साली अशा तंट्यांसाठी कायदा झाला, त्यात थकलेल्या मजुरीची दाद होती. पण करार मोडणाऱ्या मजुरास शिक्षाही होती. फॅविएलच्या मागून सॉलोमन ट्रेडवेल आला, तो पंधरवड्यातच आजाराने वारला. त्याची विधवा ॲलिस हिने खचून न जाता कारभारी नेमून ठेका पुरा करविला. ह्या बाईच्या धैर्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच घाटात विधवा झालेल्या इतर बायकांची गणती कोणी केली?

मजुरांचा आकडा 1861 साली सुमारे 42,000 पर्यंत गेला होता. काम पावसाळ्याखेरीजच्या आठ महिन्यांत चाले. डोंगराची ठेवणच अशी की, बहुतेक ठिकाणी वरून विहीर खणून बोगद्यात उतरता येईना. दोन्ही तोंडांकडूनच पाषाण फोडीत जावे लागे. कित्येक कडे इतके उभे होते की, माणसांना दोरांनी बांधून खाली सोडीत आणि लोंबकळतच त्यांनी सुरुंगाची भोके पाडावीत. दोर तुटला, दारू अवेळी उडाली, वरून धोंडा सुटला, की संपले. बायका टोपल्या वाहत. त्यातच पटकीची साथ आली, की तळच्या तळ ओस पडत. एकंदर मृत्यू 25,000 च्या आसपास असावेत असा पुढील काळातील अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि तो अंदाजच आहे. अखेर 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर फ्रियर ह्यांच्या उपस्थितीत हा पंचवीस बोगद्यांचा मार्ग खुला झाला.

ह्याच काळात विलायतेत काय चालले होते? रूळ तिकडूनच जहाजांनी येत. उत्तर यॉर्कशायरात, क्लीव्हलंडच्या टेकड्यांत, 1850 साली ईस्टन येथे लोहखनिजाचा मोठा थर सापडला आणि शेकडो माणसे जमिनीखाली उतरली. छत कोसळून, दारू उडून, खनिजाच्या डब्यांखाली सापडून तीही मरत. तेथील मालक काही अधिक दयाळू होते असे समजण्याचे कारण नाही. परंतु 1872 च्या कायद्याने कोळशाच्या खाणींबरोबर ह्या खाणीही सरकारी निरीक्षकांच्या देखरेखीखाली आल्या. मेलेल्याचे नाव, वय, काम आणि मरणाचे कारण अहवालात छापले जाऊ लागले. मृत्यू वहीत चढला म्हणजे तो कशाने आला हे कोणीतरी विचारतो, आणि विचारणारा आहे म्हटल्यावर छताला एखादे लाकूड अधिक लागते.

आपल्याकडे कायदा नव्हता असेही नाही. अपघाती मरणाबद्दल वारसांना भरपाई मागता यावी असा कायदा 1855 सालीच झाला होता, घाटातील कुदळी पडण्याच्या आदल्या वर्षी! पण दोरावरून पडलेल्या बेलदाराच्या बायकोने कोणत्या कोर्टाची पायरी चढावी, आणि मुकादमाने ज्याचे नावही टिपून ठेविले नाही तो आपला नवरा होता हे कशाने शाबीत करावे?

आम्ही जुन्या सडकेने घाट उतरू लागलो. वाटेत शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखविणारा हा धनगर. वाट दाखविल्यावर साहेबाने त्यालाच ठार केले, असे लोक सांगतात. दप्तरात ह्याला आधार मिळो वा न मिळो, जाणारेयेणारे आजही गाडीतून नाणे टाकतात. पूर्वी मी ह्याला भाबडेपणा म्हणत असे. इतक्या हजारांतून लोकांनी आपल्या हिमतीवर एक नाव तेवढे जपले, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

आत्याबाईंनी मोटार थांबवून नाणे टाकिले. पुतण्याने आपल्या खिशातील दुसरे काढिले, क्षणभर दरीकडे पाहिले आणि तेही टाकिले. तोवर धुके इतके दाटले की बोगद्यांची तोंडे दिसेनाशी झाली. खोपोलीस चहा घेऊन आम्ही माघारी फिरलो. घरी दुसरी पाळी सुटायच्या आत पोहोचावयाचे होते.