माळवदावरची माती

ढोकीच्या आमच्या जुन्या घराला माळवद होतं. मृगाच्या आधी आजोबा बैलगाडीभर पांढरी माती आणत. ती चाळून माळवदावर पसरत, चोपून बसवत. मग पावसाळाभर घरात थेंब गळत नसे. ही माती शेजारच्या तेरमधल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाची. चाळणीत कधी खापर उरे, कधी एखादा मणी. मणी आम्हा पोरांच्या वाट्याला येई.

हे तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फार उशिरा कळलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून तगर येतं. इथलं तलम कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी असलेलं साम्य अभ्यासकांनी नोंदवलंय. पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी 1958 साली इथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळाचे थर उलगडले. त्या थरांतून सुटलेला मणी मुका असतो. माझ्या खिशातला मणी कोणत्या घरातला, कोणत्या काळातला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

आजोबांना दोष देववत नाही. त्यांनी एका घराची माती दुसऱ्या घराला दिली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र अशाच वस्तू आयुष्यभर जपल्या, म्हणून तेरचं संग्रहालय उभं राहिलं.

वस्तू संग्रहालयात जपता येतात; उघड्यावरच्या भिंतींचं तसं नसतं. त्याच पॉम्पेईत 6 नोव्हेंबर 2010 रोजी ग्लॅडिएटरांशी जोडली जाणारी एक इमारत कोसळली. ज्वालामुखीच्या राखेनं तिला शतकानुशतकं सांभाळलं होतं. उघडी झाल्यावर तिनं 1943 ची बॉम्बफेक सोसली, डागडुजीत चढवलेलं काँक्रीटचं जड छत पेललं आणि शेवटी मुरलेल्या पावसानं ती खचली.

जमिनीतून भिंत वर काढली, की तिच्यावरचं मातीचं पांघरूण जातं. त्या दिवसापासून ती पुन्हा कुणाचं तरी घर होते आणि घराला धनी लागतो. उत्खननाची बातमी एकदाच होते; भिंतीवर पाऊस मात्र दरवर्षी पडतो. तिच्यावर निवारा, पाण्याला वाट, फटीत रुजलेलं पिंपळाचं रोप वेळीच उपटणं, एवढंच तिचं मागणं असतं.

आजोबांनी एकही मृग चुकवला नाही. ज्या टेकाडानं आमचं घर कोरडं ठेवलं, त्याच्या विटांसाठी तेवढं तरी आपण करायला हवं.