आमच्या गाडीचे डावे दार

आमच्या गाडीचे डावे दार वाजते, हा शोध हिने लावला त्याला आता दीड वर्ष होईल. शोध हिने लावला आणि मी तो जागच्या जागी फेटाळून लावला.

गाडी म्हणजे पद्मिनी, १९८९ सालची. त्या वेळी शहाणीसुरती माणसे मारुती घेत होती. मीच हट्टाला पेटलो होतो. लहानपणी मामांकडे ती जुनी, पुढची दारे उलटी उघडणारी फियाट होती. लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत, पण तिच्यात बसून आलेला भाचा आठ दिवस जमिनीवर पाय ठेवत नसे! आमची पद्मिनी त्याच घराण्यातली, कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा मी वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून ठेवला होता. अशा माणसाला ‘तुमच्या गाडीचे दार वाजते’ म्हणून सांगणे म्हणजे ‘तुमचा मुलगा गणितात नापास झाला’ असे सांगण्यासारखेच आहे.

"अहो, वाजतंय."

"काही वाजत नाही. तुझ्या बांगड्या असतील."

पुढच्या खेपेला हिने बांगड्या काढून ठेवल्या. मग मी पर्समधल्या किल्ल्यांवर संशय घेतला. मग डब्यावर. तिसऱ्या आठवड्यात ही हातात काही न घेता, मांडीवर हात ठेवून, साक्षीदारासारखी ताठ बसली आणि पापडीच्या पुढे पहिला गतिरोधक आल्याबरोबर म्हणाली, "हे घ्या. किणकिणकिण! चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईतल्या घंटा नेल्या, एक नाशकात आहे, एक मेणवलीला. त्यातली एक चुकून आपल्या दारात राहिली की काय?"

मला काहीही ऐकू आले नाही. मला इंजिनाचा आवाज येत होता, गिअरचा येत होता, मागच्या टायरखाली चिरडलेल्या खड्याचादेखील येत होता. हिला मात्र नसते आवाज येतात, असा निष्कर्ष मी काढला आणि तो दोनचार ठिकाणी बोलूनही दाखवला. याची आता लाज वाटते.

मध्यंतरी एका गॅरेजात हिच्या समाधानाखातर गाडी दाखवली. त्यांनी दार दोनदा आपटले, कुठेतरी काही कोंबले आणि चारशे रुपये घेतले. चार दिवस ही गप्प बसली. पाचव्या दिवशी पुन्हा किणकिण.

शेवटी आमच्या ओळखीतला एक जुना मिस्त्री गाठला. फियाटीवर हात बसलेली माणसे आता वसईत फार उरलेली नाहीत, हा त्यातला. वय साठीच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. याने हत्यारांची पेटी उघडलीसुद्धा नाही. "काकू, तुम्ही पुढे बसा. काका, गाडी चालवा. मी मागे बसतो." गिरीजपर्यंत जाऊन आलो. वाटेत त्याने एवढेच केले: हिला काच अर्धी खाली करायला सांगितली, मग पूर्ण वर, मग दारावर तळहात दाबून धरायला. प्रत्येक वेळी दोघे एकमेकांकडे पाहून माना डोलावीत होती. मी मधल्या मध्ये परका!

परत आल्यावर त्याने मला जे समजावले ते सगळ्याच जुन्या गाड्यांना लागू आहे, म्हणून सांगतो. गाडीचे दार ही नुसती फळी नव्हे. ती पातळ पत्र्याची पेटी आहे. आत काच, काच वर-खाली करणारे यंत्र, कुलूप, सळ्या, सगळा संसार असतो, आणि आत एवढेसे काही हलले तरी ती पेटी डफासारखी वाजते. त्यामुळे आवाज जिथे ऐकू येतो तिथे तो नसतोच. त्याने दार अर्धवट उघडून खालून उचलून पाहिले. ते हलले असते तर दोष बिजागरीचा. पण बिजागरी घट्ट होती. मग माझ्या विजेच्या बिलाची एक पट्टी फाडून दारात धरली, दार बंद केले आणि पट्टी ओढली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली.

"रबर मेलंय," तो म्हणाला. "कुलूप दाराला आत ओढून धरतं, रबर बाहेर रेटतं. या ओढाताणीत दार गप्प राहतं. एकाने रेटणं सोडलं की दुसरं खुळखुळतं."

ही माझ्याकडे पाहून हसली. मी बिलाची उरलेली पट्टी खिशात ठेवली.

पण नुसते रबर नव्हते. काच अर्धी खाली केली की आवाज वाढत होता, म्हणजे काच ज्या खाचेत सरकते तिथले बनातीसारखे अस्तरही झिजले होते. त्याने हँडलची पिन ठोकून काढली, आतला रेक्झिनचा फळा उतरवला. तळाशी पहिल्या गॅरेजवाल्याने कोंबलेली सायकलच्या ट्यूबची घडी निघाली. तिने पाणी जायची भोके बुजवली होती आणि पत्रा तिथे तांबूस पडला होता. आणि काचेच्या पट्टीवरचा एक स्क्रू अर्धा सुटून लोंबत होता. मिस्त्रीने बोटाने तो हलवला.

"हा बघा चोर. येतोय ना आवाज, काका?"

मी दाराशेजारी वाकून उभा होतो. डावा कान दाराकडे. मी म्हणालो, "कुठला?"

त्याने पुन्हा हलवला. मला त्याचे बोट हलताना दिसत होते, आवाज नव्हता. मग मी मान वळवली, उजवा कान जवळ नेला, आणि अगदी लांब कुठेतरी, पाण्याखाली वाजावे तसे, किणकिण ऐकू आले.

मी वर पाहिले. ही हसत नव्हती. मिस्त्री खाली मान घालून स्क्रू आवळू लागला. त्याला तो आवळायला जरुरीपेक्षा बराच वेळ लागला.

गाडी चालवताना ही माझ्या डाव्या बाजूला बसते. पस्तीस वर्षे बसते आहे. दोनएक वर्षे मी हिच्यावर चिडत होतो, की तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ बरी चालत येऊन उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली जात होती; डाव्या कानाची जास्त, उजव्याची जरा कमी. वयाप्रमाणे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, जाड आवाज टिकतात. म्हणून इंजिन ऐकू येते, दाराची किणकिण नाही. माणसाच्या बोलण्यातले 'स' आणि 'श' हेही त्या बारीक आवाजांतच मोडतात, हे ऐकून ही हळूच म्हणाली, "म्हणजे 'सकाळी दूध सांगा' मी नीटच म्हणत होते तर." डॉक्टरांनी यंत्र सुचवले आहे. मी विचार करतो म्हटले आहे.

दाराचे रबर आणि काचेचे अस्तर मिळवायला कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात दोन खेपा घातल्या. दुसरीत मिळाले. मिस्त्रीने ते बसवले, कुलपाची खुंटी कागदाएवढी आत सरकवली, भोके मोकळी केली, आणि बिलाच्या नव्या पट्टीने पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी पट्टी फाटली. दाराने सोडली नाही.

गेल्या रविवारी सुकेळी आणायला म्हणून आम्ही आगाशीला निघालो. रस्ता नेहमीचाच, खड्डेही नेहमीचेच. मी कान देऊन ऐकत होतो. पण जो आवाज मला कधी आलाच नाही, तो गेला हे मला कळणार कसे? निर्मळच्या तळ्याजवळ न राहवून विचारले, "काय गं, वाजतंय का?"

उत्तर आले नाही. म्हटले, आले असेल. आपल्याला ऐकू आले नाही. पुन्हा जरा मोठ्याने विचारले. तरी नाही. मग गाडी हळू करून पाहिले, तर ही दाराला डोके टेकून झोपली होती.