बसला सायकल दिसते, ट्रकला कधी दिसणार?

मागे एकदा बर्डीहून हिंगण्याला आपली बसने येत होतो, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर. एमआयडीसीची शिफ्ट सुटलेली. हँडलला डबा अडकवलेला एक सायकलवाला एकदम डावीकडून समोर आला. टीं टीं वाजलं, ड्रायव्हरने ब्रेक दाबला. म्हटलं, "भाऊ, हे काय वाजते?" तो म्हणाला, "कॅमेरा हाय नं बाप्पा. माह्या आधी त्याले दिसते."

सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या आय-रस्ते प्रकल्पातलं हे यंत्र. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि आपली महापालिका यात सामील झाले. अपघात निम्म्यावर आणायचे, हे उद्दिष्ट. काचेवरचा कॅमेरा समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग मोजतो, धडकेच्या दोनेक सेकंद आधी इशारा देतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते दुसरं काम. हे इशारे कुठे जास्त वाजतात याची नोंद होते, त्या जागांना 'ग्रे स्पॉट' म्हणतात. आपल्याकडे 'ब्लॅक स्पॉट' ठरायला आधी माणसं मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. इथे मरायच्या आधीच जागा कळते. मग राजेहो, ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लावू नये?

पण आमचे पेपरवाले काका पहाटे साडेचारला निघतात. तेव्हा रस्त्यावर आपली बस नसते, ट्रक असतात. गेल्या हिवाळ्यात धुक्यात एका ट्रकने त्यांना मागून घासलं. कॉलरबोन मोडलं, दीड महिना घरी. ट्रक थांबलाही नाही. त्यात कॅमेरा असता तरी काय? कॅमेऱ्यालाही दिसायला उजेड लागतो, आणि काकांच्या सायकलला मागे साधा रिफ्लेक्टरही नव्हता.

माझ्या वडिलांच्या सायकलला डायनॅमो होता. चाक थांबलं की दिवा गुल, म्हणजे नेमका वळायला थांबलात की अंधार. आताचा लुकलुकणारा एलईडी सेलवर चालतो, उभ्या सायकलवरही दिसतो. एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त मिळतो. कारखान्यांनी सेफ्टी शूजसोबत तो दिला तर कोणाचं दिवाळं निघणार नाही. हे मी एका मॅनेजरसाहेबांना बोललो, ते हसले. हसू द्या, पुन्हा विचारीन.

काकांसाठी एक लाल दिवा आणलाय. उद्या अंक टाकायला आले की मीच लावून देतो. सेल ते घालणार, असं ठरलंय.