सुपाचा वारा आणि फुंकणीची फुंकर

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, बी. ए. झालेल्या, अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईला हॉवरक्राफ्टचं काय पडलंय? आमचे ‘हे’सुद्धा हेच म्हणाले. पण विज्ञान-प्रदर्शनात मुलांनी यंत्रं करायची आणि मुलींनी सजावट, असं लेकीच्या वर्गात ठरलं. सहावीतली माझी पोर त्या दिवशी न जेवताच झोपली. मग मीही हट्टाला पेटले.

कृती तशी सोपी. प्लायवूडची तीन फूट व्यासाची गोल फळी घ्यायची. खालून जाड प्लॅस्टिक जरा सैल ठेवून कडेनं पक्कं ठोकायचं, मध्ये चकती लावून आवळायचं आणि चकतीभोवती सहा भोकं पाडायची. वरून हवा सोडली की प्लॅस्टिक फुगतं, भोकांतून हवा जमिनीवर पसरते आणि तिच्या पातळ थरावर फळी तरंगते.

घोडं अडलं ते पंख्यापाशी. फळीला मोठं भोक पाडून त्यावर सासूबाईंचा टेबलफॅन पालथा घातला. आवाज भरपूर, फळी ढिम्म! हवा पात्यांमधूनच उलटी वर येत होती.

सासूबाई निवडणटिपण करता करता म्हणाल्या, “अगं, सुपाच्या वाऱ्यानं कधी चूल पेटते का? फुंकणी लागते.”

चौथी शिकलेल्या बाईनं नेमकं बोट ठेवलं! मी हिशेब मांडला. लेक ३० किलो, फळी आणि यंत्र ७ किलो. हा भार फळीभर पसरला तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६ ग्रॅम. पण मोठ्या पात्यांचा पंखा हवा खूप ढकलतो, एवढा दाब मात्र त्याला पेलत नाही. ब्लोअर हवा कमी देतो, पण दाबून देतो. दुकानात धूळ उडवायला वापरतात तसला ब्लोअर माझ्या पगारातून आणला. मोठं भोक बुजवलं, त्याच्या नळीपुरतं नवं पाडलं.

आणि गंमत ऐका. १९५५ साली ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज संशोधकानं या कल्पनेची परीक्षा घेतली ती एकात एक ठेवलेले दोन पत्र्याचे डबे आणि स्वयंपाकघरातला तराजू घेऊनच. २५ जुलै १९५९ ला त्याचं यान इंग्लिश खाडी पार करून गेलं!

आमचं यान दिवाणखान्याच्या फरशीवरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं, लेकीला घेऊन, माझ्या एका बोटाच्या धक्क्यानं. ‘हे’ वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले.

प्रदर्शनात लेकीनं स्वतः सगळं समजावून सांगितलं. पुढ्यातल्या पाटीवर तिचं नाव होतं आणि खाली तिच्याच अक्षरात, “साहाय्य : आई. पंख्याची निवड : आजी.”