दुभाष्या

दुभाष्याचा धंदा आमच्या किनाऱ्यास परका नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज चौलास आले आणि 1740 मध्ये तेथून गेले. या सव्वादोनशे वर्षांत मालाचा भाव ठरवावयाचा असो की तहाची कलमे, दोन्ही बाजूंचे बोलणे जाणणारा कोणीतरी मध्ये उभा असल्याखेरीज व्यवहार व्हावयाचा नाही. इतिहास त्याचे नाव क्वचितच लिहून ठेवतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांत अजूनही एक पोर्तुगीजोद्भव बोली बोलली जाते. शब्द पुष्कळसे तिकडचे, पण वाक्याची बैठक मराठीच्या शेजाराने मराठी वळणाची झालेली. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1996 मध्ये तिच्यावर एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. राज्य गेले, किल्ल्याच्या तटावर गवत माजले, आणि दोन समाजांच्या नित्याच्या बोलण्यातून जन्मलेली ही भाषा मात्र राहिली.

हे स्मरण्याचे कारण इतिहास नव्हे. आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील बारा टॅब्लेट हे होय. काही वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाले म्हणून ते घेतले. भरती-ओहोटीचे आलेख, आकाशाचे नकाशे, लंबकाच्या प्रयोगाचे मोजमाप असा त्यांचा उपयोग होत असे. पुढे एकेक अ‍ॅप नव्या आवृत्तीचे झाले आणि टॅब्लेटवर उघडेनासे झाले. कोठे काळा पडदा, कोठे 'हे उपकरण चालणार नाही' असा कोरडा निरोप. विकणाऱ्या कंपनीस पत्र लिहिले, तेव्हा नवे घ्या असे उत्तर आले. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तिच्या जागी दुसरी असती तरी उत्तर हेच आले असते. टॅब्लेट भंगारात घालण्याचा ठराव जवळजवळ झालाच होता. इतक्यात थळकडचा एक कोळ्याचा मुलगा, आमचाच विद्यार्थी, म्हणाला, "सर, हे बिघडलेले नाहीत. यांचा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना आहे, एवढंच."

ड्रायव्हर म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे एस.टी.चा खाकी कपड्यांतला मनुष्य येतो. येथे त्याचा काही संबंध नाही. मोबाइलच्या मुख्य चिपमध्येच चित्र काढण्याचे काम करणारा एक स्वतंत्र भाग असतो. त्याची भाषा त्याला घडविणाऱ्या कंपनीखेरीज कोणासही ठाऊक नसते, आणि दर कंपनीची निराळी. अ‍ॅप लिहिणाऱ्याने शंभर चिपांच्या शंभर भाषा शिकाव्यात हे अशक्य. म्हणून सर्वांनी मिळून एक दरबारी भाषा ठरविली आहे. तिला एपीआय म्हणतात. अ‍ॅप दरबारी भाषेत सांगते की अमुक जागी एक त्रिकोण काढ आणि त्यात अमुक रंग भर. ड्रायव्हर हे ऐकतो, त्या चिपच्या खाजगी बोलीत त्याचे भाषांतर करतो आणि हुकमांची यादी तिच्यापुढे ठेवतो. हाच तो दुभाष्या.

दरबारी भाषेचाही इतिहास आहे. ओपनजीएल ही मोठ्या संगणकांची भाषा 1992 सालची. क्रोनोस ग्रुप या संघाने तिचा आटोपशीर अवतार, ओपनजीएल ईएस, 2003 मध्ये लहान उपकरणांसाठी काढला. 2007 च्या दुसऱ्या आवृत्तीने प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा काढावा याचे छोटे कार्यक्रम अ‍ॅपच्या हाती दिले, तिसरी 2012 मध्ये आली, आणि 2016 मध्ये व्हल्कन नावाची निराळीच भाषा अवतरली. तिच्यात दुभाष्याचे काम कमी आणि बोलणाऱ्याची जबाबदारी अधिक. अ‍ॅप लिहिणारे साहजिकच नव्या भाषेकडे वळतात. जुन्या टॅब्लेटचा दुभाष्या तेव्हा दुसऱ्या आवृत्तीशीच थांबलेला असतो.

आता येथे न्याय करताना थोडे सावध राहिले पाहिजे. सर्व दोष दुभाष्याचा नसतो. आमच्या टॅब्लेटांत माली-400 या जातीचा ग्राफिक्स भाग आहे. ही माली मूळची नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील फॅलँक्स या छोट्या कंपनीची. 2006 मध्ये ती कंपनी आर्मने विकत घेतली. माली-400 ची घडणच दुसऱ्या आवृत्तीपुरती आहे; तिसरी तिला कोणीही शिकवू शकणार नाही. शिवाय ठिपक्यांचे रंग काढणारा तिचा भाग सोळा बिटांच्या अपूर्णांकांत गणित करतो, म्हणजे 2048 च्या पलीकडील प्रत्येक पूर्णांक त्याला वेगळा ओळखता येत नाही. एखाद्या नकाशाच्या अ‍ॅपने ठिपक्याठिपक्याला मोठ्या आकड्यांचे गणित त्याच्यावर सोपविले की रेघा दातेरी होतात, किनारा थरथरू लागतो. ही त्या चिपच्या बुद्धीची मर्यादा. तिच्याविषयी मला तक्रार नाही. पंचाहत्तर टक्क्यांच्या मुलाकडून नव्वदांची अपेक्षा करणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

तक्रार आहे ती दुसऱ्या गोष्टीविषयी. चिपला जे येते तेही तिला बोलू दिले जात नाही. या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक भाग कार्यप्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो. दुसरा आणि मोठा भाग, म्हणजे प्रत्यक्ष भाषांतर करणारा, अ‍ॅपच्या बाजूला असतो. तो बहुधा मूळ लिखाणाशिवाय, सीलबंद पाकिटासारखा मिळतो. कर्नल पुढे सरकतो, त्याच्या आतील रीती बदलतात. पाकीट मात्र ज्या रीतीसाठी बांधले तिलाच धरून बसते. ते नव्याने बांधून देण्याची शक्ती एकट्या चिपच्या कंपनीत असते, आणि तिचे लक्ष तोवर पुढच्या चिपकडे गेलेले असते. 2017 मध्ये अँड्रॉइडने हे दोन संसार वेगळे मांडण्याची सोय केली, त्याने थोडी सुधारणा झाली. पण त्यापूर्वीची कोट्यवधी उपकरणे जुन्याच व्यवस्थेत अडकली.

कंपन्या ही भाषा का लपवितात? पेटंटच्या दाव्यांचे भय, प्रतिस्पर्ध्यांची धास्ती, आणि दुसऱ्याकडून उसना घेतलेला भाग उघड करता येत नाही ही अडचण. विक्री चालू असेपर्यंत ही कारणे मला पटतात. विक्री थांबून दहा वर्षे लोटल्यावर मात्र ते रामबाण मात्रेची कृती पोटात ठेवून मेलेल्या वैद्यासारखे वाटते. आमच्या भागात मोबाइल एका हातात संपत नाही. तो मुलाकडून बापाकडे जातो, बापाकडून आजीकडे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना अक्षांश-रेखांशांसह निघते; ती बोटीवर वाचणाऱ्या तांडेलाच्या हाती बहुधा असाच उतरता फोन असतो. त्याच्या दृष्टीने नकाशा न उघडणे ही तांत्रिक बाब नव्हे. डिझेलचा हिशेब आहे.

परंतु जगात चिकाटीची माणसे असतात. बेल्जियमच्या लुक व्हेरहागेन यांनी 2012 मध्ये ब्रुसेल्सच्या फॉसडेम संमेलनात 'लिमा' हा मालीचा मुक्त ड्रायव्हर लोकांपुढे ठेवला. नावातील अक्षरे पाहा, मालीच उलटसुलट केलेली. (दुसरी प्रसिद्ध चिपजात अ‍ॅड्रिनो, तिचे नावही रोमन लिपीत रेडिऑनची अक्षरे हलवून झालेले आहे. या लोकांना कोड्यांचा नाद असावा.) अ‍ॅड्रिनोसाठी रॉब क्लार्क यांनी आणि नंतरच्या मालींसाठी अ‍ॅलिसा रोझेंझ्वाइग यांनी असेच काम आरंभिले. त्यांची रीत मला फार आवडली. सीलबंद दुभाष्यास एक साधा त्रिकोण काढावयास सांगावयाचे आणि त्याने चिपपुढे स्मृतीत कोणते आकडे मांडले ते टिपून घ्यावयाचे. मग त्रिकोणाचा केवळ रंग बदलून पुन्हा सांगावयाचे. जो आकडा बदलला तो रंगाचा शब्द! असे हजारो वेळा. अपरिचित गावात जाऊन 'याला काय म्हणता, त्याला काय म्हणता' असे विचारीत कोश रचणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाची रीत याहून निराळी नाही. फरक इतकाच की येथे गावकऱ्यास बोलावयाची मनाई आहे. सात वर्षांनी, 2019 मध्ये, लिनक्सच्या 5.2 आवृत्तीत लिमा आणि रोझेंझ्वाइग यांचा पॅनफ्रॉस्ट हे दोन्ही दाखल झाले.

जुन्याची आणि नव्याची सांगड कशी घालावी याचा एक धडा तर आमच्या अलिबागेतच आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणीस तिचा उपद्रव होणार हे उघड झाले. नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली 1904 मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली; लोहचुंबकाचा गुण नसलेला पोरबंदरी दगड आणून ती बांधली. परंतु कुलाब्याचे दार लगेच बंद झाले नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजण्या चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्याशी मेळ घालता यावा. यामुळे कुलाब्याची एकोणिसाव्या शतकातील मोजणी आजही अलिबागेच्या मोजणीस जोडून वाचता येते. दोन वर्षांचा तो दुहेरी खर्च सरकारी कागदांत कोणास खुपला असेल की नाही, कोण जाणे.

आमच्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून एकेका टॅब्लेटवर मुक्त लिनक्स घातले. नवी त्रिमिती नकाशे दाखविणारी अ‍ॅप त्यांवर चालत नाहीत, चालणारही नाहीत. आलेख मात्र उमटतात, साधा आकाशपट फिरतो, आणि भरतीचे कोष्टक पूर्वीपेक्षा लवकर उघडते. नऊ टॅब्लेट असे कामाला लागले. उरलेले तीन वरून अगदी तसेच, पण आत बोटाचा स्पर्श ओळखणारी चिप निराळ्या बनावटीची निघाली. तिचा दुभाष्या अद्याप सापडलेला नाही. तोवर त्या तिघांना माऊस जोडून ठेवला आहे.